कोर्दोबा, सेव्हिया, ग्रनादा: तिन्हीकडे तेच ते दिसतं का?

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: माद्रिद-बार्सेलोना मागे झालंय. आता दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दक्षिण स्पेनसाठी पाच रात्री आहेत. सोबत नवरा, सातवीतला मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाई शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. जाऊन आलेल्या ओळखीच्यांनी सांगितलं, "कोर्दोबाची मशीद, सेव्हियाचा राजवाडा, ग्रनादाचा अल्हांब्रा, सगळं एकच. कमानी, नक्षी आणि कारंजी. एक बघा आणि उरलेले दिवस आराम करा." तर त्यातलं कोणतं बघावं?

मी गेली सोळा वर्षं मराठी मंडळींचे ग्रुप घेऊन या भागात जाते, आणि "सगळं एकच" हे वाक्य मी बसच्या मागच्या सीटवरून शंभरदा ऐकलंय. ते म्हणणारे खोटं बोलत नाहीत. ज्या घाईत आणि ज्या क्रमाने त्यांना दाखवलं जातं, त्यात सगळं खरंच एकसारखं दिसतं. आपल्याकडे कोणी तीन दिवसांत बारा देवळं केली की चौथ्या देवळानंतर त्याला फक्त चप्पल कुठे काढायची एवढंच आठवतं, तसं. म्हणून "कोणतं एक" या प्रश्नापेक्षा "तीन बघूनही ती तीन वेगळी कशी दिसतील" हा प्रश्न मी आधी घेते. पाच रात्रींत तिन्ही बसतात. मात्र प्रत्येक गावात एक-दोन वास्तूच बघायच्या, बाकीचं सोडून द्यायचं.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. गुडघे "दुखतात" म्हणजे किती? तासभर सपाटीवर चालता येत असेल तर काहीच अडणार नाही. जिना अजिबात नको असेल तर दोन-तीन गोष्टी गाळाव्या लागतील, त्या खाली येतीलच. दुसरं म्हणजे अल्हांब्राचं तिकीट मिळालं का? ते नसेल तर बाकी आखणीला अर्थ नाही, कारण सगळ्या सहलीचा खुंटा तोच आहे. विमान आणि हॉटेल नंतर. आधी अल्हांब्रातल्या नासरी (ग्रनादाच्या शेवटच्या मुस्लिम घराण्याच्या) राजवाड्यांत शिरायची ठरलेली वेळ हातात घ्या आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवा.

आता क्रम. कोर्दोबा, मग सेव्हिया, शेवटी ग्रनादा. माद्रिदहून वेगवान रेल्वेने कोर्दोबा पावणेदोन तासांवर आहे, तिथे एक रात्र. पुढे पाऊण तासावर सेव्हिया, तिथे दोन. तिथून बसने साधारण तीन तासांत ग्रनादा, तिथेही दोन. हा रस्ता सोयीचा आहेच, पण मी तो इतिहासासाठी धरते. 711 साली उत्तर आफ्रिकेतून अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या. युरोपातले लोक या सगळ्यांना सरसकट "मूर" म्हणत. पुढे त्यांच्या हातून ख्रिस्ती राजांकडे कोर्दोबा 1236 मध्ये गेलं, सेव्हिया 1248 मध्ये आणि ग्रनादा 2 जानेवारी 1492 रोजी. याच क्रमाने गेलात की गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचल्यासारखी होते. अल्हांब्रा आधी पाहिलेल्या माणसाला कोर्दोबाची मशीद काळोखी आणि साधी वाटते. माझ्या पहिल्या दोन ग्रुपचं मी हेच केलं होतं.

कोर्दोबाच्या मशिदीला तिकडे मेस्कीता म्हणतात. आज ती कॅथेड्रल आहे आणि तिथे रोज मिस्सा होते. रविवारी सकाळी पर्यटकांना काही तास आत सोडत नाहीत, तेव्हा तो दिवस टाळा. सासूबाईंसाठी ही सगळ्यात सोपी जागा: जमीन सपाट, आत थंडावा, बसायला बाकं. साडी उत्तम. पुरुषांना मात्र आत टोपी काढायला सांगतात.

आत शिरलं की लालपांढऱ्या कमानींचं रान दिसतं, साडेआठशेच्या वर खांब. सगळे तिथेच फोन काढतात. तुम्ही फोन खिशात ठेवा आणि मुलाला खांबांच्या पायथ्याशी बघायला सांगा. कोर्दोबाचा अमीर पहिला अब्द अर-रहमान याने 785 च्या सुमारास जो भाग सुरू केला, तो संत्र्यांच्या अंगणातून आत आल्याबरोबर लागतो. तिथले खांब एकाला एक जुळत नाहीत. कुठे गुळगुळीत, कुठे पन्हाळी पाडलेले, कुठे खाली बैठक आहे, कुठे नाही. हे खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (अरबांच्या आधीच्या राजवटीतल्या) इमारतींतून उचलून आणलेले. त्यांची उंची पुरेना, म्हणून कारागिरांनी कमानीवर दुसरी कमान चढवली आणि छत वर नेलं. ज्या दुहेरी कमानीचे फोटो जगभर फिरतात ती या अडचणीतून निघाली.

पुढे चालत गेलात की खांब एकदम शिस्तीत येतात, एक गुलाबी, एक काळपट निळा, पुन्हा गुलाबी. हा खलिफा दुसऱ्या अल-हकमचा, दहाव्या शतकातला भाग. खजिना भरलेला होता, त्यामुळे खांब मागवून घडवले. याच्याच टोकाला मिहराब आहे आणि त्यावरचं सोनेरी काचकाम बायझंटाइन परंपरेतलं, म्हणजे ख्रिस्ती साम्राज्यातून आलेली कला मशिदीच्या सगळ्यात पवित्र कोनाड्यावर. मग पूर्वेकडे वळा. वजीर अल-मन्सूरने 987 नंतर वाढवलेला भाग सगळ्यात मोठा आहे, पण कमानींजवळ जाऊन नीट बघा. जुन्या भागात लाल पट्टा विटेचा आहे आणि पांढरा दगडाचा. इथे सगळाच दगड आहे आणि लाल नुसता रंग आहे. माझ्या एका ग्रुपमधले निवृत्त सिव्हिल इंजिनियर काका हे बघून म्हणाले होते, "इथे बिल्डर बदलला." इतकं अचूक वर्णन मी कुठल्या गाइडकडून ऐकलेलं नाही.

आणि मग या अंधाऱ्या रानाच्या मधोमध अचानक डोक्यावरचं छत नाहीसं होतं आणि उजेडात एक उंचच उंच चर्च उभं राहतं. 1523 मध्ये बिशपने ते बांधायला घेतलं तेव्हा कोर्दोबाची नगरसभाच विरोधात उभी राहिली. पाडकामाला हात लावेल त्या कामगाराला मृत्युदंड, इथवर फर्मान निघालं. सम्राट पाचव्या चार्ल्सने बिशपच्या बाजूने निकाल दिला. नंतर प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याला पश्चात्ताप झाला, असं गाइड रंगवून सांगतात. मी ती गोष्ट "म्हणतात" लावूनच सांगते, कारण याच गृहस्थाने पुढे अल्हांब्राच्या मधोमध स्वतःचा राजवाडा बांधायला काढला.

इथे मराठी ग्रुपमध्ये हमखास वाद पेटतो: कोणी कोणाचं पाडलं. मी तो मिटवायला जात नाही. फक्त विचारते, देवगिरीच्या किल्ल्यातलं भारतमाता मंदिर पाहिलंय का? खांब जुन्या देवळांचे, बांधणी चौदाव्या शतकातल्या मशिदीची, आणि आत आज भारतमाता. मग लोक आपसूक सांधे शोधू लागतात: कुठे जुनं संपलं, कुठे नवं चिकटवलं, कोणी जपलं, कोणी झाकलं. या तिन्ही गावांत मी लोकांना हेच बघायला लावते. नक्षी सगळीकडे सारखी वाटेल, सांधे मात्र प्रत्येक ठिकाणी निराळे आहेत.

सेव्हियाला कॅथेड्रल आणि अल्काझार, म्हणजे राजवाडा, समोरासमोर आहेत. दोन्ही एका दिवसात करू नका, मधे रात्र जाऊ द्या.

कॅथेड्रल 1401 मध्ये मोठ्या मशिदीच्या जागी उठवायला घेतलं. मशिदीचं अंगण आणि मिनार तेवढे ठेवले. तोच मिनार म्हणजे हिराल्दा. खालचा विटांचा भाग बाराव्या शतकातला, वरचा घंटाघराचा मजला सोळाव्या शतकातला, दुसऱ्या एर्नान रुईसचा. कोर्दोबाच्या मशिदीत चर्च घालणारा एर्नान रुईस म्हणजे याचा बाप. बापाने मशिदीच्या पोटात चर्च घातलं, लेकाने मिनाराच्या डोक्यावर घंटा चढवल्या. हिराल्दात वर जायला पायऱ्या नाहीत, पस्तीस उतार आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून असे केले, असं सांगतात. फक्त शेवटी सतरा पायऱ्या. "उतार म्हणजे गुडघ्याला बरं" असं वाटतं खरं, पण उतरताना गुडघ्यावरच येतं आणि मागून गर्दीचा रेटा असतो. सासूबाईंना खाली कोलंबसाच्या थडग्याजवळ बसवा. चार राजदूत त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन उभे आहेत आणि समोर बसायला जागा आहे. मुलगा आणि बाबा वर जाऊन येतील.

अल्काझारमध्ये सरळ पहिल्या पेद्रो या ख्रिस्ती राजाच्या महालाच्या दर्शनी भिंतीसमोर उभे राहा आणि तिथेच दहा मिनिटं घालवा. वरच्या बाजूला निळ्यापांढऱ्या फरशांची एक चौकट आहे. मधली अक्षरं नुसती भौमितिक नक्षी वाटतात, पण ते अरबी आहे, "ईश्वराखेरीज विजयी कोणी नाही". हे ग्रनादाच्या मुस्लिम नासरी सुलतानांचं ब्रीद. आणि त्याच्याभोवती गॉथिक अक्षरांत स्पॅनिश मजकूर: अत्यंत थोर, बलाढ्य आणि विजयी डॉन पेद्रो, ईश्वरकृपेने कास्तिया आणि लेओनचा राजा, याने हे महाल बांधवले, सन 1402. मुलाला विचारा, अमेरिका सापडायच्या फक्त नव्वद वर्षं आधी का? नाही. तो स्पेनचा तेव्हाचा स्वतःचा शक होता, आपल्या सनापेक्षा 38 वर्षं पुढे. 1402 वजा 38, म्हणजे 1364. आपला शालिवाहन शक 78 ने मागे, त्यांचा 38 ने पुढे. सातवीतल्या मुलाला हे गणित कोणत्याही ऑडिओ गाइडपेक्षा जास्त आवडतं, स्वानुभव.

ख्रिस्ती राजाच्या दारावर मुस्लिम सुलतानाचं ब्रीद कसं, हा प्रश्न ग्रनादापर्यंत सोबत न्या. उत्तराचा एक धागा असा की हा पेद्रो आणि ग्रनादाचा पाचवा मुहम्मद एकमेकांचे दोस्त होते. गादी गमावून बसलेल्या मुहम्मदला ती 1362 मध्ये परत मिळवायला पेद्रोने मदत केली, आणि पेद्रोच्या महालावर ग्रनादाचे कारागीर राबले. त्याच मुहम्मदने लगोलग अल्हांब्रातला सिंहांचा महाल बांधला. म्हणजे ओळखीच्यांना ही दोन "एकच" वाटली, त्याला सबळ कारण आहे: एकाच पिढीतले दोन मित्र, जवळपास तेच हात. अल्काझारमध्ये नक्षीत किल्ले आणि सिंह शोधा, ती कास्तिया आणि लेओन या पेद्रोच्या दोन राज्यांची चिन्हं. अल्हांब्रा बांधणाऱ्या सुलतानांची ही चिन्हं नाहीत.

जेवणाचं इथेच सांगून टाकते. सेव्हियात पालक-हरभऱ्याची भाजी मिळते, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, जिऱ्याच्या वासाची. सासूबाईंना ती घरची वाटेल. कोर्दोबात तळलेल्या वांग्यावर उसाची काकवी घालून देतात. टोमॅटोचं घट्ट गार सूप साल्मोरेखो छान असतं, पण वर डुकराचं मांस आणि अंडं भुरभुरतात. "सिन खामोन, सिन उएवो" हे आधी म्हणायचं, वाटी आल्यावर नाही.

आता ग्रनादा. इथे माझी एक फजिती ऐका. तिसऱ्याच वर्षी बावीस जणांचा ग्रुप होता. वेळ नासरी राजवाड्यांची दुपारची, आणि आम्ही सकाळपासून हेनेरालीफेच्या बागेत. फोटो, पुन्हा फोटो, कोणाची टोपी राहिली, कोणाला स्वच्छतागृह. नकाशावर दोन्ही ठिकाणं बोटभर अंतरावर दिसतात, चालायला चांगली पंधरा-वीस मिनिटं लागतात. आम्ही पोहोचलो तेव्हा आमची वेळ उलटली होती. दारावरच्या बाईंनी शांतपणे मान हलवली. बावीस लोकांनी अल्हांब्रा राजवाड्याशिवाय पाहिला, आणि पुण्याला परतेपर्यंत माझ्याशी फारसं कोणी बोललं नाही. चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासून माझा नियम: राजवाडे आधी, बाग नंतर. तुमच्यासाठी सकाळी साडेआठची पहिली वेळ घ्या. सासूबाई तशाही पहाटे उठलेल्या असणार. तिकीट नावावर असतं आणि पासपोर्ट बघतात, एकदा नाही, दोन-तीनदा. सगळ्यांचे मूळ पासपोर्ट एकाच माणसाच्या पिशवीत ठेवा. टॅक्सीने न्यायद्वाराच्या बाजूला उतरा. तिकीट हातात असलं की तिकडून थेट वर जाता येतं आणि चढाची चाल वाचते. आत गेल्यावर कितीही वेळ थांबा, कोणी हाकलत नाही. पण मार्ग एकेरी आहे, बाहेर पडलात की परत नाही. नोव्हेंबरात अल्हांब्रा संध्याकाळी सहाला बंद होतो आणि ग्रनादात तेव्हा चांगलंच गारठतं, स्वेटर लागतोच.

काय बघायचं? आधी हे समजून घ्या की अल्हांब्रा "गरिबीतला" महाल आहे. भोवतीचा मुलूख एकेक करून गेलेला, ग्रनादा कास्तियाला खंडणी भरत होतं. म्हणून संगमरवर मोजका, बाकी गिलावा, लाकूड, फरशी आणि पाणी. भिंतींवरची ती नाजूक जाळी गिलाव्याचीच. पूर्वी ती लाल, निळ्या, सोनेरी रंगात होती, कोपऱ्यांत निळा अजून टिकून आहे. कोमारेस महालातल्या राजदूतांच्या दालनात मान वर करा. लाकडाचे आठ हजारांवर तुकडे जोडून सात स्वर्गांचं आकाश केलंय. गुडघेवाल्या मंडळींना मी इथे भिंतीला टेकून उभं राहायला सांगते, मान आणि तोल एकदम जातो.

सिंहांच्या अंगणात सगळे सिंहांकडे बघतात. बघाच, बाराही चेहरे किंचित वेगळे आहेत. पण मग एखाद्या बारीक खांबाजवळ जा आणि जोडाकडे बघा. तिथे शिशाचा पातळ पत्रा घातलेला दिसतो. भूकंपात जोड थोडा सरकावा, दगड फुटू नये, म्हणून. कारंज्याच्या काठावर दरबारी कवी इब्न झमराकची कविता कोरलेली आहे. पाणी कुठलं आणि संगमरवर कुठला, वाहतंय ते नेमकं कोण, हेच कळेनासं झालं, अशा अर्थाची. हे पाणी दारो नदीतून काही किलोमीटर कालव्याने डोंगरावर आणलेलं. मुलाला इतकंच विचारा: नदी खाली, महाल वर, मग पाणी चढलं कसं? उत्तर सोपं आहे. नदी जिथे महालापेक्षा उंचावर आहे तिथूनच ते उचललंय.

आणि सांधा? तो मेशुआर दालनात आहे. मुस्लिम दरबाराच्या भिंतीवर पाचव्या चार्ल्सचं ब्रीद फरशांत बसवलंय, "प्लुस उल्त्रा", अजून पुढे. शेजारीच "ईश्वराखेरीज विजयी कोणी नाही". बाहेर पडलात की त्याच चार्ल्सचा 1527 मध्ये सुरू झालेला राजवाडा: बाहेरून चौकोनी, आतून गोल अंगण. अनेकांना तो आगंतुक वाटतो. मला तो आवडतो, आणि सासूबाईंना बसायलाही तो बरा आहे. अल्काझाबाचा, म्हणजे तिथल्या किल्ल्याचा, बुरूज त्यांच्यासाठी सोडा. बाग जमली तर ठीक.

अल्हांब्राचं तिकीट संपलेलं दिसलं तर घाबरू नका. अधिकृत संकेतस्थळावर रद्द झालेली तिकिटं परत येतात, सकाळ-संध्याकाळ बघत राहा. रात्रीच्या भेटीचं वेगळं तिकीट असतं. यातलं काहीच जमलं नाही तर क्रम तोच ठेवून ग्रनादाची एक रात्र कोर्दोबाला द्या आणि गावाबाहेरच्या मदीना अझाहारा या खलिफांच्या राजनगरीचे अवशेष बघा. पण ग्रनादात एक संध्याकाळ ठेवाच: कॅथेड्रलशेजारच्या राजेशाही चॅपेलमध्ये ग्रनादा जिंकणाऱ्या इसाबेल राणी आणि फर्नांदो राजाची भव्य संगमरवरी थडगी आहेत, आणि खाली तळघरात त्यांच्या साध्या शिशाच्या पेट्या. ग्रनादा घेतल्यावर अठरा वर्षांनी पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून गोवा घेतला. जुन्या गोव्यात सेंट काजेतान चर्चजवळ आदिलशाही वाड्याचं एकटं दगडी दार अजून उभं आहे. ते पाहिलेलं असेल तर मुलाला त्याची आठवण करून द्या.

एक राहिलं. तिन्ही गावांत रस्तोरस्ती संत्र्याची झाडं दिसतील. तिकडे संत्र्याला "नारान्हा" म्हणतात, आपलं नारिंगच ते, फारसी-अरबी वाटेने तिकडे पोहोचलेलं. नोव्हेंबरात फळं पिवळी धरायला लागतात आणि मुलगा एखादं तोडणार. सेव्हियाच्या एका जानेवारीच्या सहलीत आमच्या काकूंनी पदरात चार भरून घेतली होती, हॉटेलात सोलली आणि पहिल्या फोडीला त्यांचा जो चेहरा झाला, तो सगळ्या ग्रुपने बघितला. ही जात कडू असते, मुरांब्याची. उरलेली तीन त्यांनी कारल्यासारखी मीठ लावून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ग्रनादाच्या बसमध्ये सगळ्यांना वाटली.